मिठाची बॅटरी आणि सरांची दाढ

३ फेब्रुवारी, सोमवार

बायकोच्या दवाखान्यातल्या लिथियमच्या बॅटरीने आज मान टाकली. वीज गेली, पाठोपाठ बॅटरी गेली, पेशंट तोंड उघडून तसाच. बायको दातांची डॉक्टर. मी ऊर्जेचा अभ्यासक (विमा कंपनीतली नोकरी सोडल्यापासून). ती म्हणाली, दादाला सांगते, तो अगदी तशीच नवी आणून बसवेल. दादा म्हणजे माझा मेहुणा. त्याला लिथियमपलीकडे जग नाही. मी म्हटलं, हे खातं माझ्याकडे. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. विश्वास असा नजरेत दिसतो.

४ फेब्रुवारी

ठरलं. सोडियम! लिथियम मोजक्या ठिकाणी सापडतं. सोडियम म्हणजे साधं मीठ, समुद्र भरून पडलंय. शिवाय सोडियमची बॅटरी थंडीला डगमगत नाही. जग वळतंय, आपण आधीच वळून उभं राहायचं. उद्यापासून रोज सकाळी या विषयाचं पद्धतशीर वाचन.

५ फेब्रुवारी

उशिरा उठलो. वाचन उद्यापासून.

७ फेब्रुवारी, सकाळी

बायको काळजीत. १९ तारखेला लाइन दुरुस्तीसाठी दिवसभर वीज बंद, आणि नेमके त्याच दिवशी तिचे सर स्वतःचं रूट कॅनाल करून घ्यायला येणार. सर म्हणजे तिच्या कॉलेजचे आताचे प्रमुख. तिथे शिकवायची एक जागा निघाली आहे. तशी जागा तिला लग्नाच्या आधीपासून हवी आहे. काम आवडलं तर सर बोलावतील. ती म्हणाली, सरांना तारीख बदलायला सांगते. मी म्हटलं, खबरदार! मी असताना?

११ फेब्रुवारी

बॅटरी आली. देखणी आहे. थोडी ऐसपैस आहे. तेवढीच वीज साठवायला सोडियमला जागा जास्त लागते, हे मला माहीत होतंच, फक्त जुनी बॅटरी ज्यात होती त्या कपाटाला माहीत नव्हतं. मेहुण्याने फोनवर विचारलं, माप घेतलं होतं का. मापं शिंप्याने घ्यावीत. हातमोज्यांचे खोके काढून बॅटरी बेसिनशेजारी बसवली. मी आणि दवाखान्यातल्या मदतनीस बाईंनी मिळून उचलली. म्हणजे त्यांनी उचलली, मी दिशा दाखवली.

१२ फेब्रुवारी

जुन्याच इन्व्हर्टरला जोडली. दोन वायरी, त्यात काय मोठंसं! सोबत माहितीपुस्तिका आहे, चांगली जाडजूड. या पुस्तिका नवशिक्यांसाठी असतात. बायकोने विचारलं, वाचलीस का. मी म्हटलं, चाळली. (वरचं प्लॅस्टिक फोडायचं आहे अजून.)

१४ फेब्रुवारी

चाचणी घेतली. मेन स्विच बंद केला. दिवा आणि पंखा चहा संपेपर्यंत मस्त चालले. चाचणी यशस्वी. इन्व्हर्टरवरचा टक्क्यांचा आकडा मात्र जरा भराभर उतरत होता. काही यंत्रं स्वभावानेच रडकी असतात. दुर्लक्ष केलं.

बायको म्हणाली, ड्रिल आणि त्याला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर लावून बघ. म्हटलं, उद्या.

१७ फेब्रुवारी

ड्रिल-कॉम्प्रेसर राहिलंच. पेशंटांना सोडियमवर माहिती देण्यात दिवस जातो. फार समंजस लोक. तोंडात कापूस असल्यामुळे कुणी मध्ये बोलत नाही. मदतनीस बाई रजेवर गेल्या, कमरेत लचक भरली म्हणे. व्यायाम नाही हल्ली लोकांना. १९ ला मीच मदतीला उभा राहणार. पांढरा कोट मला शोभतो.

१९ फेब्रुवारी, सकाळी

वीज गेलेली आहे. बॅटरी सुरू. लख्ख प्रकाश. सर आले, अबोल गृहस्थ. बायको अवजारं पुन्हा पुन्हा मांडतेय, मी तिला म्हटलं, निश्चिंत राहा. आज हिच्या तोंडून 'शाब्बास' ऐकायचंच. मेहुण्याला म्हणते ती नेहमी, मला एकदा तरी म्हणू दे.

१९ फेब्रुवारी, दुपारी

सरांची दाढ अर्धी उघडी, आणि सगळं बंद. दिवा, ड्रिल, कॉम्प्रेसर. अंधार.

मी तत्काळ हालचाल केली. म्हणजे बॅटरीला थोपटलं.  बायकोने मला मोबाइलचा टॉर्च धरायला सांगितला आणि हाताने चालवायच्या बारीक सुया घेऊन, जुन्या पद्धतीने, शांतपणे सगळी दाढ साफ केली. मी वेगवेगळ्या कोनांतून प्रकाश देत होतो.

१९ फेब्रुवारी, संध्याकाळी

बायकोने पुस्तिकेचं प्लॅस्टिक फोडलं. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत होतं: आधी इन्व्हर्टरमध्ये बॅटरीचा प्रकार बदला. लिथियमचं व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत तग धरतं आणि मग कोसळतं. सोडियमचं पहिल्यापासून हळूहळू उतरत जातं. आमचा इन्व्हर्टर लिथियमच्या सवयीचा. व्होल्टेज उतरलेलं दिसताच बॅटरी रिकामी समजून त्याने दुकान बंद केलं. बॅटरीत वीज शिल्लक होती! तिने दोन बटणं दाबली, दिवे लागले. म्हणजे माझी निवड बरोबरच होती. हे मी तिला सांगितलं. दोनदा. ती आत जाऊन झोपली, जेवलीही नाही.

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. जागा गेली बहुतेक तिची.

२० फेब्रुवारी

मेहुणा येऊन बॅटरी बघून गेला. म्हणाला, बॅटरी उत्तम आहे. पुढे बरंच काही म्हणाला, ते लिहिण्यासारखं नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सरांचा फोन आला. जागा हिला मिळाली! ऐन वेळी वीज गेली तरी इतकं शांत राहून काम करणारी माणसंच मुलांना शिकवायला हवीत, म्हणाले. मी लगेच दाखवून दिलं की वीज गेलीच नसती तर हिचा शांतपणा दिसला असता का? म्हणजे नियुक्ती खरं तर सोडियममुळे, पर्यायाने माझ्यामुळे. ती खूप हसली. फार दिवसांनी अशी हसली. मग म्हणाली, सरांनी एक सूचनाही केली आहे: सगळं छान, फक्त तो टॉर्चवाला कंपाउंडर बदला, त्याचा हात फार हलतो.

मी विचारलं, तो तुझा नवरा आहे हे सांगितलं नाहीस?

म्हणाली, नोकरी हवी होती.