तीन म्हणायच्या आधी

१४ नोव्हेंबर, संध्याकाळ

प्रिय बारक्या,

इंजेक्शनचं पेन फ्रिजमधून काढून टेबलावर ठेवलं आहे. गारवा जायला अर्धा तास लागतो, हे तुला सांगायला नको. तेवढ्यात हे पत्र लिहिते.

नव्या नोकरीत रुळला असशील. खोलीच्या खिडकीचं माप कळव, पडदा शिवून पाठवते. मी बरी आहे. दुकानात गणवेशांचं काम आलं आहे. परवा कटरमास्तर म्हणाले, "बाई, एक शिवण उसवायला एवढा वेळ? बोटं भाड्याने आणलीत का?" मी हसले. बोटं सकाळी सुजलेली असतात, दुपारपर्यंत उतरतात.

निघताना तू विचारलंस, "ताई, इंजेक्शन कोण देणार?" मी म्हणाले, "तुझ्यावाचून माझं काही अडत नाही. जा." तू बॅग उचललीस. तेव्हापासून फोनवर विचारतोस आणि मी सांगते, घेतलं. मग लगेच तुझ्या जेवणाचं काढते.

तू गेल्यापासून एकही घेतलेलं नाही. सगळी पेनं फ्रिजमध्ये आहेत, लोण्याच्या मागे.

दिवसभर सुई हातात असणारी बाई सुईला भिते, हे मास्तरांना कळलं तर दुकानभर होईल. पण भीती सुईची नाही. मांडी पुसते, पेन टेकवते, मोजते. एक, दोन, तीन. हात तसाच राहतो. तू म्हणायचास, "तीनला हं, ताई," आणि दोनलाच खटका दाबायचास. दर वेळी. मी दर वेळी शिव्या द्यायचे. तू दोनला दाबणार हे मला ठाऊक असायचं, तरी फसायचे. स्वतःला तसं फसवता येत नाही.

मागच्या आठवड्यात शौचातून पुन्हा रक्त पडू लागलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "औषध चालू आहे ना?" मी हो म्हणून मान हलवली. त्या म्हणाल्या, "मग ते लागू पडेनासं झालं असेल. रक्त तपासू. तोवर पुन्हा त्या स्टेरॉइडच्या गोळ्या."

त्या गोळ्या तुला आठवतात. तोंडाचा भोपळा झाला होता. तू मला आरशासमोरून ओढून नेलं होतंस. त्यातून या पेनानेच सोडवलं. मध्ये खंड पाडू नका, शरीर औषधालाच शत्रू समजू लागेल, मग तेच औषध पुन्हा चालेलच असं नाही, हे बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. ते ठाऊक असूनही मी परवा खोटी मान हलवली. आता त्या माझ्या खोटेपणावर विसंबून चांगलं औषध बंद करतील. किंवा ते खरंच बंद पडलं असेल, आणि ते मी केलं असेल.

तुला परत बोलवत नाही. नोकरी सोडून आलास तर दार उघडणार नाही. पण त्या दिवशी बोलले ते खोटं होतं. अडतं.

अर्धा तास होऊन गेला. पेन कोमट झालं आहे.

तुझी, शिव्या देणारी
ताई

१५ नोव्हेंबर, सकाळ

काल घेतलं. बाविसाव्या आकड्याला खटका झाला. मांडीवर निळा डाग आहे. आज सकाळीही रक्त पडलं. डॉक्टरीणबाईंना खरं सांगायला निघाले आहे. पत्र वाटेत टाकते.