रत्नपालचा शेवटचा शॉट

रविवार, १७ जानेवारी १९९३

झाला! शेवटचा शॉट झाला. साडेनऊला सुरू केलं ते दोनला संपलं. पाय गेलेत माझे, पण मन कसं हलकं आहे.

रत्नपालला आज खिडकीपाशी बसवलं होतं. फिल्म करणाऱ्या सुशांतनं कुठूनशी एक जुनी लाकडी खुर्ची आणली – उंच पाठीची, कोरीव. रत्नपालच्या खालची नेहमीची गादी ‘गंदी दिखती है’ म्हणून काढली. छातीशी पट्टा बांधला, तो शालीखाली लपला. पोरगा दातांत ब्रश धरून रंगवत राहिला. चोवीस वर्षांचा आहे. हातपाय जन्मापासून त्याचं ऐकत नाहीत, मान तेवढी त्याची. मिलच्या आत तो कधी गेला नाही. कचरूभाऊंनी – त्याच्या वडिलांनी – सांगितलं तेवढ्यावर कापड विणायचे साचे रंगवतो, आणि असे रंगवतो की आवाज यावा.

शेवटी ब्रश तोंडातून खाली पडला आणि तो म्हणाला, “कल.” मग पुन्हा, “कल, कल.” त्याचं बोलणं बाहेरच्याला उमगत नाही. चंपाबाई, त्याची आई, असत्या तर त्यांनी सांगितलं असतं. पण नळाला पाणी आलं होतं, त्या तिकडे रांगेत. सुशांत कॅमेऱ्यामागून ओरडला, “मैडम, क्या बोला?”

मी म्हटलं, “कल. उद्या म्हणतोय.”

“वा!” तो नाचलाच. “मिल बंद, बाप घरी बसला, हात नाही, पाय नाही – आणि पोरगा म्हणतो कल! बस, इथंच संपवायची फिल्म.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही.

गुरुवार, २१ जानेवारी

शाळेत फोन आला सुशांतचा. फिल्मचं नावच आता ‘कल’! साबणवाली कंपनी पैसे लावते आहे, त्यांना फार आवडलं. “मैडम, पब्लिक रोना-धोना बघून थकली आहे. आता केबल आलं, बटन दाबलं की दुसरं चॅनल. शेवटी कायतरी होप पाहिजे ना!” चौदा फेब्रुवारीला, रविवारी सकाळी दाखवणार.

सुरुवातीच्या पाटीवर माझं नाव येणार. लेखन – कुमुदिनी. चव्वेचाळिसाव्या वर्षी! एवढ्या कथा साभार परत आल्या, त्या संपादकांच्या घरी टीव्ही असेलच की.

(हे लिहायला नको होतं. लिहिलं.)

रविवार, २४ जानेवारी

परदेशीपुऱ्याला, रत्नपालच्या घरी गेले होते. जिलबी नेली होती. तशीच परत आणली.

रत्नपाल पालथा झोपलेला. दिवसा असा कधी दिसत नाही. चंपाबाईंनी चादर बाजूला केली. माकडहाडावर जखम. रुपयाएवढी, मधे काळी.

“त्या दिवशी कशावर बसवलं होतं याला, बाई?”

“खुर्चीवर.”

“गादी होती ना खाली?”

मी काय बोलले आठवत नाही. काहीतरी बोलले.

“अन् याला सोसलं कसं इतका वेळ?” त्या त्यालाच विचारत होत्या, त्याच्या केसांतून हात फिरवत. “का रे राजा, बोलला का नाहीस?” मग माझ्याकडे वळून, “दुखलं की सांगतो हो तो. कळ म्हणतो. लहानपणापासून तेवढा एक शब्द येतो त्याला नीट. कळ, कळ, कळ – माझं डोकं खातो. म्हटला नाही?”

“गडबड होती,” मी म्हटलं.

रत्नपालचं तोंड भिंतीकडे होतं. तो सगळं ऐकतो. नुसतं बोलता येत नाही म्हणून आपण विसरतो.

सोमवार, २५ जानेवारी

कल. कळ. आरशासमोर म्हणून पाहिलं. जीभ जराशी मागे वळते, बस्स.

शनिवार, ३० जानेवारी

त्याला ताप आहे. दवाखान्यात ठेवलंय. शाळेतून परस्पर गेले. डॉक्टर म्हणतात जखम आत गेली आहे, खरवडावी लागेल. कचरूभाऊ बाहेर व्हरांड्यात बाकावर बसले होते, मांडीवर घड्याळ. मनगटाला बांधत नाहीत, पट्टा तुटलाय.

“दोन-दोन घंट्याला कूस बदलायची, बाईजी. मी अन् ही पाळी लावली आहे. दिवसपाळी माझी.” हसले. “मिलनं काढलं, पोरानं ठेवून घेतलं.”

मलाही हसू आलं. मग त्याचीच लाज वाटली.

त्यांना वाटतं, चूक त्यांची. त्या दिवशी ते युनियनच्या सभेला गेले होते, बाकी पगाराचं काय होतंय ते ऐकायला. “मी असतो तर उतरवला असता त्याला. पण म्हटलं, कुमुदताई आहेत.”

कुमुदताई आहेत.

बुधवार, ३ फेब्रुवारी

सुशांतला सांगितलं. सराफ्यातल्या खाऊगल्लीत त्याला गाठलं, तो पाव्हण्यांना तळलेला गराडू-कंद खिलवत होता. बाजूला बोलावून म्हटलं, “तो कल म्हणाला नव्हता. कळ म्हणाला होता. दुखत होतं त्याला.”

“कल और कल में क्या फरक?”

“ळ, सुशांत. ळ!”

“मैडम, माझ्या तोंडात तर ते अक्षर बसतच नाही. आजी ‘केळं’ आण म्हणायची, मी ‘केलं’ म्हणायचो. ती म्हणायची, काय केलंस मेल्या?” त्यानं हसून दाखवलं. मी हसले नाही. मग तो गंभीर झाला. वाईट मुलगा नाही. “बघा, तुम्ही चुकून ऐकलं. हो जाता है. पण गलती अच्छी झाली ना? हजारो लोगांना उमेद मिळेल. त्यालासुद्धा.”

“त्याला जखम मिळाली.”

तो म्हणाला, एडिटिंग पूर्ण झालंय, कंपनीनं पास केलंय, आता नाव कसं बदलणार. आणि मला तरी कशावरून खात्री? “सोमवारी स्टुडिओत या. पूरा टेप लावतो, कापलेला नाही, ओरिजिनल. साफ कल आहे. कानानं ऐका, मग बोला.”

जाईन. ऐकलंच पाहिजे.

शुक्रवार, ५ फेब्रुवारी

आज ठरवून गेले की चंपाबाईंना सांगायचं. दवाखान्यात त्या त्याच्या ओठांना ओला कापूस लावत होत्या. ताप उतरतोय. मी उभ्यानंच सांगून टाकलं – तो कळ म्हणाला होता, मी कल ऐकलं, सगळ्यांना तसंच सांगितलं, आणि त्याला उतरवायच्या ऐवजी टाळ्या वाजवल्या.

मला वाटलं होतं ओरडतील. ओरडायला हवं होतं!

त्या कापूस पिळत राहिल्या. मग म्हणाल्या, “तुमचं इंदूरवाल्यांचं असंच. ळ ऐकूच येत नाही तुम्हाला. आम्ही अकोल्याहून आलो तेव्हा भाजीवाली मला केळी देईना, म्हणे केली क्या, बाई?” आणि चक्क हसल्या. “जाऊ द्या. जाणून तर केलं नाही ना तुम्ही? बसा. चहा घेता?”

बसले. चहा घेतला. त्यांच्या हातचा चहा प्यायले मी!

मी म्हटलं नाही की माझ्या आईनं मला ळ येईपर्यंत पाटीवर गिरवायला लावलं होतं. शाळा, फळा, बाळ, काळ. शाळेत पोरांना मीच ओरडते, ‘शाला’ म्हटलं की.

रत्नपाल कुशीवर होता, तोंड माझ्याकडे. सगळा वेळ बघत होता. रागानं नाही. तो चित्र काढायच्या आधी कोऱ्या कापडाकडे जसं बघतो, तसं. चंपाबाई म्हणाल्या, “बघ, ताई आल्या तुला बघायला.” त्यानं डोळे मिटले नाहीत. मीच पर्स उचलली.

रविवार, ७ फेब्रुवारी

काही लिहवत नाही. उद्या टेप.

सोमवार, ८ फेब्रुवारी

ऐकली.

सुशांतनं कापलेल्या जागेच्या आधीपासून लावली. खुर्चीची करकर. दिव्याच्या पंख्याचा आवाज. रत्नपाल: “कळ.” एकदा. स्पष्ट. आणि लगेच बाईचा आवाज, हळू, अगदी मायेनं – “हो रे राजा, जरा कळ काढ. एवढा एक शॉट.” मग ब्रश पडतो. मग तो पुन्हा: “कळ, कळ.” मग त्याच बाईचं, “उद्या म्हणतोय.” मग टाळ्या.

‘कळ काढ’ म्हणताना बाईच्या आवाजातला ळ स्वच्छ होता.

मी विसरले नव्हते. सतरा तारखेला इथं लिहिलं नाही, एवढंच. त्यानंतरही तीन आठवडे या वहीशीसुद्धा खोटं बोलले.

सुशांतला अर्थ लागला नाही. “ये आप क्या बोलीं? ‘कल काढ’? मतलब?”

मतलब सांगितला. सोस थोडं. दुखतंय ते सोस.

त्यानं बटन दाबून टेप थांबवली. “तो आपको पता था, मैडम?”

हो.

म्हटलं, माझा आवाज कापू नकोस.

“आप बहुत बुरी लगेंगी.”

तिथून निघाले ते दवाखान्यात. चंपाबाईंनी चहा विचारला. मी म्हटलं, आधी ऐका.