बंदुकांच्या खोलीचं दार

अब्बा, आज माझ्या टेबलासमोर एक गृहस्थ येऊन बसले आणि मला दिवसभर तुमच्याशिवाय दुसरं काही सुचलं नाही. दुबईच्या बर दुबई भागात कापडाच्या दुकानांमागे आमचं टायपिंग सेंटर आहे, तिथे मी लोकांचे लायसनचे अर्ज भरते. तुम्हाला हे कुठलं माहीत असणार, तुम्ही गेलात तेव्हा मी शाळेत होते. गृहस्थ आपल्याच रत्नागिरीकडचे, उभा जन्म अबुधाबीत नोकरी केलेली, सोबत बायको. म्हणाले, "घरून धंदा करायचं लायसन हवंय. बंदुका विकायच्यात." मी म्हटलं, "भाईजान, इथे घरून केक विका, अबाया विका. बंदुकीचं नाव काढलंत तर खलास." ते हसले. "इथे नाही हो, गावी. आम्ही कायमचे निघालोय. तुमच्या अब्बांचं घरातच दुकान आहे म्हणे. तुम्हीच सांगा कसं करायचं ते."

होतं. ओटीला लागूनच्या खोलीत. रानडुकरं आणि वानरांनी हैराण झालेले शेतकरी तुमच्याकडे काडतुसं घ्यायला यायचे, आणि आखातात निघालेला माणूस विमान गाठण्याआधी आपली बंदूक तुमच्याकडे ठेवून जायचा. सुट्टीवर आला की आधी तुमच्या दारात, मग सासुरवाडीला. तुम्ही बंदूक तेल लावून त्याच्या हातात द्यायचात आणि विचारायचात, तिकडे ऊन खरंच एवढं असतं का रे? तुम्ही स्वतः इकडे कधी आला नाहीत. अम्मी चिडायची, "माणसं दुबईत मजा करतात आणि त्यांच्या बंदुका माझ्या उरावर!"

पण लायसन असं सुखासुखी मिळालं नव्हतं. पाहणीला आलेल्या साहेबांनी त्या खोलीतून स्वयंपाकघरात उघडणारं दार पाहिलं आणि मान हलवली. बंदुका असतील तिथून घरात वाट नको, म्हणाले. झालं, दुसऱ्या दिवशी तुम्ही चिरे आणून टाकलेत. मला अजून दिसतं. अम्मी अलीकडे चुलीपाशी उभी आहे, तुम्ही पलीकडे थापी घेऊन. थरावर थर चढतोय, आधी तुमचं पोट दिसेनासं होतं, मग दाढी. शेवटच्या फटीतून तुम्ही म्हणता, "चला, आता तुझी कटकट ऐकू येणार नाही." अम्मी म्हणते, "मलाही तुमची नको." मी पोट धरून हसते.

पुढची चार-पाच वर्षं तुम्ही जेवायला अंगणातून फिरून येत राहिलात. तक्रार एकदाही केली नाहीत. कपाट उघडं असलं की खोलीला आतून कडी घालायची, हा तुमचा शिरस्ता. त्या दुपारीही कडी होती. अम्मी मासे तळत होती. ताट वाढून ती तुम्हाला बोलवायला गेली, हाका मारल्या, मग शेजाऱ्यांनी दार फोडलं. छातीत कळ आली असावी, तुम्ही बुजवलेल्या दाराशी पडला होतात. तिथला गिलावा निखळून खाली आला होता, आणि तुमच्या मुठीला चुना होता. अम्मी मरेपर्यंत एकच सांगत राहिली, कढईचा आवाज होता गं, कढईचा आवाज होता. लायसन परत केलं, ज्याच्या बंदुका त्याच्याकडे गेल्या. बुजवलेलं दार मात्र कुणी पुन्हा उघडलं नाही. मला तुमचा राग येतो अब्बा. एवढी काय ती बंदुकांची हौस?

तर आज त्या गृहस्थांनी कागदावर घर काढून दाखवलं. इथे दुकान, इथे किचन, मध्ये दार. मी म्हटलं, "हे बुजवायला सांगतील." बायको लगेच म्हणाली, "मग यांचं जेवण काय कौलावरून टाकू?" दोघं हसले. माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. पण त्यांचे चेहरे बघवेनात. किती वर्षांनी घरी निघाली होती माणसं. मी म्हटलं, "तिथून किचनमध्ये वाजेल अशी बेल लावा. बटण खाली, जमिनीजवळ." ते म्हणाले, "मी काय पेशंट आहे?" मी आवाज चढवला. "लावायची म्हणजे लावायची. नसेल लावायची तर दुसऱ्या सेंटरमध्ये जा." बायको माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "तुमच्या अब्बांकडे आहे का अशी बेल?"

"आहे," मी म्हटलं.

"बरे असतात ना?"

"बरे असतात. गुडघे दुखतात जरा. आता वय झालं ना."

डिस्कव्हरी गार्डन्सच्या घरात, डायनिंग टेबलावर बसून हे लिहितेय. मुलगी दोनदा विचारून गेली, "हू इज इट फॉर, ममा?" ऑफिसचं काम आहे, म्हटलं. तिने तुम्हाला पाहिलेलं नाही, आणि हा कागद पाठवायला तुमचा पत्ता नाही. त्या जोडप्याला घाबरवायचं नव्हतं म्हणून खोटं बोलले, अशी मी मेट्रोत स्वतःची समजूत घातली. पण ते खरं नाही अब्बा. बेलचं सांगून झालं होतं, तिथेच थांबता आलं असतं. मला एकदा कुणाला तरी सांगायचं होतं की माझे अब्बा घरी आहेत.