पाहुण्याच्या दाराचे माप

पुणे,
४ फेब्रुवारी १९९६

तीर्थरूप बाबांस,
प्रज्ञाचा सविनय जयभीम. वि. वि.

माझ्या घरमालकीणबाई मागच्या महिन्यात वारल्या. त्यांच्या मुलाने परदेशातून आणलेला चिंचिला नावाचा प्राणी माझ्याकडे राहिला आहे. सशाहून लहान, राखाडी, शेपटी खारीसारखी. मुलगा घर विकतो आहे. प्राणी कुणालाही देऊन टाका, असे तो म्हणाला. बाई शेवटी बोलत नव्हत्या, पण त्याला मांडीवर घेत. कुणालाही देणे मला जमत नाही. मी आता वसतिगृहात जाते आहे, तिथे त्याला जागा नाही.

येत्या रविवारी आपल्या आळीतला तुषार गावी येतो आहे, त्याच्याबरोबर पाठवते. त्याला घर बांधाल का? विकतचे पिंजरे अरुंद, आणि परवडतही नाहीत. तो थंड, कोरड्या, खडकाळ डोंगरातला. उन्हाने मरतो. दिसेल ते कुरतडतो. अंघोळ धुळीत करतो. पाणी लागू देऊ नका. जूनमध्ये खोली घेऊन मी त्याला नेईन.

कर्जतच्या स्थळाला नाही म्हटल्यापासून आईने माझ्या एकाही पत्राला उत्तर दिलेले नाही. हे तरी तिला वाचून दाखवा.

माया आटू देऊ नये.
तुमची प्रज्ञा


मिरजगाव,
१२ फेब्रुवारी १९९६

चि. प्रज्ञास अनेक आशीर्वाद.

तुझा पाहुणा पोचला. आईने टोपलीत डोकावून पाहिले आणि म्हणाली, की दोन वर्सं पोरगी आली न्हाई, आन् आता घूस धाडली व्हय.

तुषार आणि मी त्याच्या घरासाठी तुरीच्या वाळक्या काड्या, तुराट्या, आणायला गेलो, तेवढ्यात तिने त्याला कोमट पाण्याने न्हाऊ घातले. पाणी नको हे तिला वाचून दाखवले होते. त्यावर तिचे म्हणणे असे, की एस.टी.तून उतरल्यालं मानूस बी आपन पाय धुतल्याबिगर आत घेत न्हाई, ह्यो तर निस्ता फुफाट्यानं भरलाय. केस वाळेनात. तो थरथरू लागला. काल दुपारपासून तिने त्याला पदरात धरले आहे. जेवली नाही. हे तुला लिहू नका, असे तिने बजावले आहे. लिहितो, कारण तुला कळायला हवे.

मी तुराट्यांची, धान्याची असते तशी कणगी विणली आहे. शेणामातीने लिंपली की आत गारवा राहील.

काळजी करू नये, असे म्हणवत नाही.
तुझा बाबा


पुणे,
१७ फेब्रुवारी १९९६

ती. बाबांस जयभीम.

तुराट्या तो खाईल. जगला आहे का, एवढेच कळवा. आईवर मी रागावलेली नाही. हे तिला दोनदा वाचून दाखवा.

प्रज्ञा


मिरजगाव,
६ एप्रिल १९९६

चि. प्रज्ञास आशीर्वाद.

तो बरा आहे, हे कार्डाने कळवलेच होते. पुढचे आता लिहितो. तुझे म्हणणे खरे ठरले. त्याने कणगी पोखरली आणि भर उन्हात निघून गेला. आईने साऱ्या आळीत शोध घेतला. घूस बघितली का, असे विचारायची तिला लाज वाटली, म्हणून पोरीचं जनावर बघितलं का, असे विचारत फिरली.

तो घरामागच्या गडग्यात, रचलेल्या दगडांच्या कुंपणात सापडला. खालच्या फटीत बसला होता. मी हात घातला. दगड गार होते. एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती.

आता गडग्यालाच जुन्या खुराड्याची जाड जाळी लावली आहे. वर उसाचे पाचट. बाहेरून ओले पोते, आत थेंब जात नाही असे. चढायला बाभळीची फांदी ठेवली होती. आईने काटे दिसताच ती काढून बोरीची सोललेली ठेवली. धुळीचे घमेले तीच चाळून भरते.

बाकी क्षेम.
तुझा बाबा


पुणे,
१९ मे १९९६

ती. बाबांस जयभीम.

खोली मिळाली. वरचा मजला, डोक्यावर पत्रा. त्याला न्यावे की नाही, ते तुम्हीच सांगा. आणि मी यावे का, हे आईला विचारा.

प्रज्ञा


मिरजगाव,
२५ मे १९९६

चि. प्रज्ञास अनेक आशीर्वाद.

त्याला नेऊ नकोस. गडगा उचलून नेता येत नाही.

तुझा दुसरा प्रश्न मी आईला वाचून दाखवला. ती उठून मागे गडग्याकडे गेली. मीही गेलो. जाळीचे दार मी मोठे ठेवले होते, त्यातून तो परवा निसटू पाहत होता. आई म्हणाली, की पोरीचा हात जाईल एवढंच ठिवा. तुझा हात केवढा, हे मला आठवेना. तिने स्वतःचा पंजा जाळीवर ठेवला आणि म्हणाली, की ह्यो घ्या, तिचा बी ह्योच हाय.

त्या मापाने दार केले आहे. येऊन हात घालून बघ.

एस.टी.तून उतरलीस की पाय धुवायला पाणी तापवून ठेवीन, हे मात्र लिहायला तिने सांगितले आहे.

तुझा बाबा