नळीतला लाल थर

३ फेब्रुवारी
बडोद्यात आले! दांडिया बाजारात छान खोली मिळाली. घरमालकीण मराठीच, सकाळीच शेव घातलेले पोहे वर पाठवले. वासणा भागातल्या प्रयोगशाळेत आज रुजूही झाले. इथे कृत्रिम रक्त बनवतात. गट जुळवायला नको, रक्तदात्याची वाट बघायला नको. माझं काम नमुने तपासायचं. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या पूर्णिमाबेननं शिकवलं: नळी यंत्रात फिरवली की तांबड्या पेशी तळाशी बसतात, वर पिवळं पाणी राहतं. ज्याला आमचं कृत्रिम रक्त दिलंय, त्याचं ते पाणीही लाल दिसतं. आमचे साहेब डॉ. दिग्विजय म्हणाले, ‘मोहनाबेन, इथे प्रश्न कमी, काम जास्त.’ सगळे हसले. मीही हसले.

७ फेब्रुवारी
चाचणीला रमाकांतकाका येतात, रेल्वेतले निवृत्त फिटर. माझं मराठी ऐकून खुलले. म्हणाले, ताकदीचं सलाईन लावतात, पण दर वेळी छाती आवळते. संमतीपत्रावर सही केलीत का, विचारलं. कसलं पत्र, म्हणाले.
साहेबांना विचारलं. त्यांनी दाराकडे बोट दाखवलं. दुपारी डबा उघडला, तर टेबलावरचे सगळे उठून गेले.

११ फेब्रुवारी
काका गेले. काल घरीच, हृदय बंद पडून. चाचणीच्या यादीत त्यांचं नावच नाही! नमुना मात्र फ्रिजमध्ये आहे, वरपर्यंत लाल. पूर्णिमाबेनला दाखवला. ती पुटपुटली, फेकून दे आणि गाव सोड. मी साहेबांना तोंडावर सांगितलं, तक्रार करणार.

१३ फेब्रुवारी
चहा घेतल्यावर चक्कर आली. शुद्धीवर आले तेव्हा हाताला पट्टी. अशक्तपणा होता, सलाईन लावलं, असं पूर्णिमाबेन म्हणाली. माझ्याकडे न बघता.

१४ फेब्रुवारी
छाती आवळतेय. स्वतःचंच रक्त काढलं, फिरवलं. पिवळं नाही. लाल —

दुपार
फोन नाही. नमुन्यांच्या खोलीचं दार बाहेरून लावलंय. काचेपलीकडे सगळे जेवतायत. मी काच बडवली. कुणी मानही —

पूर्णिमाबेन आलीय, बाटली घेऊन. रडतेय. म्हणते, ही तुला नाही लावली तर पुन्हा मला लावतील. तिनं बाही वर केली — पट्ट्याच पट्ट्या. तिनं माझा डावा हात धरलाय, घट्ट, उजव्यानं लिहि