यादीचं बटण

६ मार्च, शुक्रवार

आज मीटिंगमध्ये बोललो. बोलायला नको होतं.

विषय असा. आमच्या डायलिसिस सेंटरची गाडी पेशंटना घरून आणते. उद्या कोणाकोणाला आणायचं ते रिसेप्शनवरच्या ताई रोज संध्याकाळी ड्रायव्हरला फोनवर सांगतात. त्याला रस्त्यावर ऐकू येत नाही, मग पुन्हा फोन. मोठे डॉक्टर वैतागले. कॉम्प्युटरमध्ये सगळं असताना हा काय पोरखेळ, म्हणाले. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, वेबपेजवर बटण देतो. दाबलं की डेटाबेसमधून उद्याची नावं निघणार, टेक्स्ट फाइलमध्ये सेव्ह होणार, ड्रायव्हर मोबाइलवर वाचणार. कधी, विचारलं. सोमवारी घ्या, म्हणालो.

हे मला येत नाही. पण येईल. इथली नोकरी सासऱ्यांच्या शब्दावर लागली. ते इथलेच पेशंट. मशीनवर पडल्या पडल्या डॉक्टरांना म्हणाले होते, आमचे जावई कॉम्प्युटरमध्ये वाघ आहेत.

संकल्प: रोज सकाळी एक तास अभ्यास.

७ मार्च, शनिवार

अभ्यास नाही. पंख्याचा आवाज फार येत होता.

८ मार्च, रविवार

इंटरनेटवरून कोणाचा तरी प्रोग्रॅम घेतला. संदर्भ म्हणून. फाइल बनेना. सर्व्हर म्हणतो, या फोल्डरमध्ये लिहायची तुम्हाला परवानगी नाही. घरीही हेच. शेवटी सगळ्यांना सगळी परवानगी देऊन टाकली. झालं काम. मन मोठं लागतं.

९ मार्च, सोमवार

डेमो. 'टेस्ट' नावाचा एक खोटा पेशंट भरला, बटण दाबलं, फाइल उघडली. आत नाव. डॉक्टर छान म्हणाले आणि निघाले. आणखी नावं टाकून बघू या का, असं ताईंनी विचारलं. म्हणालो, शितावरून भाताची परीक्षा. घरी येताना मान जरा ताठ होती, हे कबूल.

१० मार्च, मंगळवार

सकाळी गाडीतून एकच माणूस उतरला. ड्रायव्हर म्हणाला, फाइलमध्ये एवढंच नाव होतं, मला वाटलं बाकीच्यांना सुट्टी दिली. बाकीचे घरोघरी दाराशी बसून होते. सासरेही. दुपारी बायकोने रिक्षातून आणलं, पाय सुजलेले. मशीनवर बसताना माझ्याकडे बघून हसले. बोलले असते तर बरं झालं असतं.

दोष छोटा होता. प्रत्येक नाव लिहिताना फाइल नव्याने उघडायची आणि आधीचं नाव पुसलं जायचं. शेवटचं तेवढं उरलं. म्हणजे प्रोग्रॅमने सगळी नावं लिहिली होती, हे कोणी लक्षात घेत नाही.

तरी लाज वाटली. जेवलो नाही नीट.

११ मार्च, बुधवार

दुरुस्ती झाली. फाइलला सांगितलं, पुसू नकोस, जोडत जा. सगळी नावं आली, मी स्वतः वाचली. आता या फाइलला हात लावायचा नाही. चालत्या गाडीला खीळ घालू नये.

१३ मार्च, शुक्रवार

ड्रायव्हरची तक्रार, यादी रोज लांबतेय. कालचेही आजच्यात येतात. सासऱ्यांचा आज वार नव्हता. दाराशी हॉर्न वाजला म्हणून ते मुकाट्याने गाडीत बसून आले आणि परत गेले. बायको घरी म्हणाली, बाबांना फिरवून आणायचं असेल तर बागेत न्या. मी ड्रायव्हरला सांगितलं, थोडं डोकं वापरत जा. आता शंका आली की तो ताईंना विचारून घेतो, याचा वार आहे का ते. सिस्टिमला माणसांची साथ लागतेच.

१६ मार्च, सोमवार

कोपऱ्यातल्या मशीनवरचे मास्तर शनिवारी गेले. ताईंनी त्यांचं नाव लगेच डेटाबेसमधून काढलं होतं. तरी आज गाडी त्यांच्या दाराशी जाऊन थांबली. मास्तरांचा वार सोमवारच, म्हणून ड्रायव्हरने ताईंना विचारलं नाही, ते गेल्याचं त्याला कोणी सांगितलं नव्हतं, त्याने हॉर्न दिला. मास्तरांच्या पत्नी बाहेर आल्या.

ड्रायव्हर माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. हळू आवाजात म्हणाला, साहेब, मी त्यांना काय सांगायचं होतं?

मी डेटाबेस तपासला. मास्तरांचं नाव नाही. म्हणजे चूक आपली नाही. त्याने जुनी फाइल पाहिली असणार.

१८ मार्च, बुधवार

नेहमीच्या ड्रायव्हरची कंबर धरली, आज बदली माणूस. त्याने यादीतल्या दारोदारी हॉर्न दिला. मास्तरांच्याही.

आता कळलं. नाव डेटाबेसमध्ये नव्हतं, फाइलमध्ये होतं. जोडत जा म्हणालो, ती जोडत गेली. गेलेला माणूस तिच्यातून जाणार कसा? हे मी सोमवारी फाइल उघडून बघायला हवं होतं. उघडली नाही. भीती वाटत होती.

फाइल पुसली. रोज आधी कोरी करायची, मग सगळी नावं लिहायची, असं प्रोग्रॅममध्ये घातलं. संध्याकाळी मास्तरांच्या घरी गेलो. बाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं. मी फाइलचं सांगू लागलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, सोमवारी हॉर्न ऐकला आणि सवयीनं ह्यांची पिशवी भरायला घेतली. टॉवेल ठेवला, चष्मा ठेवला, मग लक्षात आलं. आज पिशवीला हात नाही लावला, पण उठले मात्र.

मग विचारलं, उद्या नाही ना येणार गाडी?

नाही म्हणायला तोंड उघडलं. नवा प्रोग्रॅम चालवून बघितला नव्हता. म्हणालो, बघतो.

नवरा गेलेल्या बाईला मी 'बघतो' म्हणालो. स्वतःची शिसारी आली.

१९ मार्च, गुरुवार, सकाळ

मास्तरांच्या गल्लीच्या तोंडाशी उभा आहे. मोबाइलवर लिहितोय. गाडी आत वळली तर हॉर्नच्या आधी हात करून थांबवायची. आयुष्यात पहिल्यांदा वेळेच्या आधी पोचलो.

गाडी येईना म्हणून ताईंना फोन केला. म्हणाल्या, अहो, मोठ्या डॉक्टरांनी काल दुपारीच सांगितलं, पूर्वीसारखं फोनवर सांगत जा. काल नावं मीच सांगितली. तुमचं बटण आता कोणी दाबत नाही.

मला का नाही सांगितलं, विचारलं. म्हणाल्या, तुमच्या सासऱ्यांना डॉक्टरांकडून कळलं, त्यांनीच फोन करून बजावलं होतं, त्याला कळू देऊ नका, पोराला लागेल. पेजवर बटण राहू दे, म्हणाले.

एवढ्यात गाडी मोठ्या रस्त्यावरून सरळ पुढे गेली. खिडकीशी सासरे बसले होते. मी भिंतीआड झालो.