मॉसला खाली ठेवलं तेव्हा

कंब्रिया, मंगळवार

प्रिय आई,

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझा गुडघा कसा आहे?

आमच्या मालकीण हेटीबाईंचा मेंढ्या राखणारा म्हातारा कुत्रा, मॉस, ट्रॅक्टरला धडकला. मागचा पाय मोडला. जनावरांचे डॉक्टर आले तेव्हा मी त्याला उचलून धरलं होतं. ते हळूच म्हणाले, "पुट हिम डाऊन." मी त्याला जमिनीवर ठेवलं. डॉक्टर आणि हेटीबाई, दोघंही माझ्याकडे बघत राहिले. मॉस तीन पायांवर लंगडत खुर्चीत बसलेल्या हेटीबाईंकडे गेला आणि त्याने त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं.

"आज नको," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी बघू."

डॉक्टर गेल्यावर मला म्हणाल्या, "अगं वेडे, ते सुई देऊन मारायचं म्हणत होते."

आई, पिशवी खाली ठेवायला, नाव लिहून घ्यायला मी हेच शब्द वापरते. काल त्यांची लेक फोनवर म्हणाली, बाळाला 'पुट डाऊन' केलंय. म्हणजे पाळण्यात निजवलंय. तरी मी दोनदा विचारून खात्री केली.

झोप नीट लागत नाही. शुक्रवारपर्यंत नीट चालता यावं म्हणून मॉसला रोज अंगणात चालवते. आज तो पडला. मी उचललं नाही, नुसती जवळ बसले. बऱ्याच वेळाने तो आपला आपण उठला.

बाबांना तपासायला नेलंस का? काय असेल ते सरळ शब्दांत लिही.

तुझीच,
रासा